औजाराचा आराखडा आणि पहिला नमुना

आपल्या घरोघरी जमिनीचा नकाशा जपून ठेविलेला असतो; औजाराचा नकाशा मात्र कोणी ठेवीत नाही. बांधावरून तंटा उपस्थित झाला की मोजणीचा कागद पेटीतून बाहेर निघतो व हद्द कोठे होती हे त्यावरून ठरते. परंतु चांगली चालणारी तिफण मोडली, तर तिच्या फणांत अंतर किती होते व फण किती कलता होता, हे सांगणारा कागद कोणापाशीच नसतो. ते ज्ञान गावच्या सुताराच्या हातात व नजरेत असते. आणि सुतार गेला म्हणजे त्याच्याबरोबर जाते. बापामागे मुलाने वाकस हाती धरला नाही अशी घरे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आता थोडी नाहीत. सबब औजाराचा आराखडा कसा वाचावा व नव्या औजाराचा पहिला नमुना कसा पारखावा, याची तोंडओळख वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय कारखानदारांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पुरेसे आहे. १८८५ साली ते चित्रकला शिकण्याकरिता मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. काही रंग ओळखण्यास आपली दृष्टी उणी पडते असे आढळल्यावर त्यांनी रंगकाम सोडिले आणि यंत्रांचे रेखन हाती घेतले. या विद्येत रंग नको. रेषा व मापे पुरतात. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हा विषय शिकवू लागले. त्यानंतर बेळगावी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर असा त्यांचा क्रम झाला. लोखंडाने जमीन विषारी होते असा तेव्हा समज होता, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळ त्यांचा कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या हाती आलेल्या लोखंडी नांगरामागे अशी एका रेखनशिक्षकाची विद्या होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आराखडा कसा वाचावा

कारखान्यात ज्यास ड्रॉईंग म्हणतात तो आराखडा म्हणजे चित्र नव्हे. चित्रात वस्तू डोळ्यांस दिसते तशी, म्हणजे दूरची बाजू लहान व जवळची मोठी अशी काढतात. तेवढ्यावरून लोहारास माप घेता येत नाही. म्हणून आराखड्यात एकाच वस्तूची तीन दृश्ये काढतात: समोरून, वरून व बाजूने. वखराचेच पाहा. वरून पाहिले असता खोडाची रुंदी व दांडीची जागा कळते. समोरून पासेची लांबी व पास धरणाऱ्या दोन्ही लाकडांतील अंतर कळते. पास जमिनीत किती कलती शिरेल, हे मात्र बाजूच्या दृश्यावाचून कळत नाही. ही रीत अठराव्या शतकात फ्रान्समधील गास्पार मोंज या गणितज्ञाने किल्ले बांधण्याच्या कामी शास्त्रशुद्ध केली, आणि काही वर्षे ती लष्करी गुपित म्हणून राखिली गेली होती. आज ती शाळेतील मुलास शिकता येते. आपल्याकडे समोरील दृश्य वर व वरील दृश्य त्याच्या खाली काढण्याचा प्रघात आहे.

रेषांचीही भाषा असते. जाड अखंड रेषा म्हणजे दिसणारी कड. तुटक रेषा म्हणजे आड असलेली, न दिसणारी कड. बारीक लांब रेघ व मध्ये आखूड रेघ अशी ओळ म्हणजे मध्यरेषा. वस्तू मध्येच कापून दाखविली असेल, तर कापलेल्या भागावर तिरप्या बारीक रेघा ओढतात.

प्रमाण म्हणजे काय, हे मोजणीचा नकाशा पाहिलेल्यांस सांगावयास नको. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि ३३ फूट लांबरुंद चौरसाचा एक गुंठा, ह्या हिशेबात आमची नोकरी गेली. यंत्राच्या आराखड्यातही एक फुटास एक इंच असे प्रमाण धरता येते. परंतु एक भेद ध्यानी धरावा. कागदावर पट्टी लावून यंत्राचे माप कधीही काढू नये. जो आकडा लिहिला असेल तोच प्रमाण मानावा. कागद आखडतो, नक्कल करताना लहानमोठा होतो; लिहिलेला आकडा बदलत नाही. आणि आकडा नेहमी वस्तूच्या खऱ्या मापाचा लिहावयाचा, कागदावरील रेषेचा नव्हे.

सूट किती द्यावी

कोणतेही माप अगदी तंतोतंत साधत नाही; म्हणून किती कमीजास्त चालेल हेही लिहावे लागते. दोन ओळींत १८ इंच अंतर असेल आणि डवऱ्याची पास १२ इंचांची असेल, तर दोन्ही अंगांस तीन तीन इंच मोकळे राहतात. बैल थोडा ओढला तरी पीक वाचते. तीच पास १७ इंचांची केली, तर अर्ध्या इंचाच्या चुकीने कपाशीची रोपे कापली जातील. येथे पाव इंचाची सूट चालेल. पण आस व त्याचे भोक यांत तेवढी सूट दिली, तर चाक खडखडेल. कोठे सैल व कोठे घट्ट, हे ठरविणे हाच या विद्येचा गाभा होय.

पहिला नमुना

आराखडा कितीही चांगला असला तरी जमीन त्याची परीक्षा घेते. म्हणून एकदम दहा औजारे न करिता एकच नमुना करावा. प्रथम पुठ्ठ्याचा, मग हलक्या लाकडाचा, आणि त्यात अडचण न आढळल्यास लोखंडाचा. ओतकामाच्या कारखान्यातही आधी लाकडी साचा-नमुना करितात, आणि तो मुद्दाम थोडा मोठा ठेवितात. कारण बीड निवताना फुटामागे सुमारे आठवा हिस्सा इंच आखडते.

नमुना काळ्या जमिनीत वाफसा असताना चालवावा, आणि माती चिकटते अशा ओलीतही चालवून पाहावा. कोरडवाहू रानात पेरणीचे दिवस मोजके असतात. न पारखलेले औजार मृगाच्या पावसानंतर प्रथमच जोडणे म्हणजे सबंध हंगाम पणास लावणे होय. दोष दिसल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कोन व लांबी दोन्ही एकदम बदलली, तर गुण कशाने आला हे कळत नाही. आणि जो बदल केला तो त्याच दिवशी आराखड्यावर तारखेसह उतरवावा. नाहीतर कागद एक सांगतो व औजार दुसरेच असते.

आता हे रेखन संगणकावर होते, आणि त्यावरून थरावर थर चढवून प्लास्टिकचा नमुना छापणारी यंत्रेही निघाली आहेत. परंतु संगणकास माप आपणच पुरवावयाचे असते. गावातील जी मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात शिकतात, त्यांस उन्हाळ्याच्या सुटीत या कामी लावावे; त्यांची विद्या व म्हाताऱ्या सुताराचा अनुभव एका कागदावर येईल.

शेतकरी बंधूंनी येत्या मृगापूर्वी एवढेच करावे: आपल्याकडील जे औजार सर्वांत चांगले चालते, ते सुतारास जवळ बसवून मोजावे, त्याची तीन दृश्ये वहीत काढावी, लाकूड कोणते व लोखंड किती जाड ते लिहावे, खाली तारीख घालावी, आणि ती वही सातबाराच्या उताऱ्याशेजारी ठेवावी.