लेकरांना भूत दाखवायचे की भुताचा मुखवटा?

आमच्या बोरीतली, माझ्याच घरातली गोष्ट आहे. महिनाअखेरचे हिशेब उरकून मी रात्री उशिरा घरी आलो, तर ओसरीवर लेकरांचा घोळका एका मोबाईलभोवती जमलेला. पुण्याला कंपनीत कामाला असलेला पुतण्या सुट्टीवर आला होता.

"काका, 'तुंबाड' लावलाय. लोभ करू नये अशी गोष्ट आहे. तुमच्या भाषणासारखीच!" तो हसत म्हणाला.

लोभाविरुद्धचा चित्रपट म्हटल्यावर मला बरेच वाटले. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. थोड्या वेळाने चौथीतली धाकटी उठून आत आली आणि आईला चिकटून बसली. त्या रात्री ती एकटी मोरीपर्यंत जाईना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पडका वाडा आला, तसा तिने माझा हात घट्ट धरला. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "पप्पा, त्या वाड्यात पण साखळीनं बांधलेली आजी असंल का?"

शेजारच्या मावशींनी आपलेपणाने उपाय सांगितला, "लेकरू दचकलंय. मीठ-मिरच्या उतरून टाका, न्हाईतर काळा दोरा बांधा." सौ. माझ्या तोंडाकडे पाहू लागली. दरवर्षी चौदा एप्रिलला अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारा मी, आणि काळा दोरा चार दिवसांत माझ्याच उंबऱ्यापर्यंत आला. त्याला वाट मीच करून दिली होती. मावशींना दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग एका रात्री सगळे निजल्यावर मी तो चित्रपट एकट्याने पूर्ण पाहिला. त्यावरून जे वाटले ते पालकांसमोर ठेवतो.

चित्रपट चांगला, पण कुणासाठी?

'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नारायण धारपांच्या गूढकथेची त्यामागे प्रेरणा आहे, तर नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देणारे. पहिल्या वेळी तिकीटबारीवर बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा मात्र लोकांनी गर्दी केली.

कथा १९१८ पासून १९४७ पर्यंतची आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला आईचे सोनेही हवे आणि धान्यही हवे. सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. कोकणातल्या एका जुन्या वाड्याच्या पोटात तो आहे. विनायक नावाचा माणूस पिठाच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्याकडून मोहरा काढतो आणि पुढे आपल्या कोवळ्या मुलालाही तेच शिकवतो. भूक किती मोठी असते आणि लोभ बापाकडून मुलाकडे कसा जातो, हे असे दाखवले आहे की मोठा माणूसही विचारात पडावा. शेवटी तो मुलगा बापाने पुढे केलेले धन नाकारतो. तृष्णा हे दुःखाचे मूळ, हे आपण विहारात ऐकतोच. तेच इथे वेगळ्या रीतीने येते.

परंतु ही शिकवण येते अगदी शेवटी. चित्रपट पावणेदोन तासांचा आहे आणि माझी लेक त्याआधीच उठली होती. तिच्या वाट्याला साखळीतली म्हातारी आली, लहान भावाचा मृत्यू आला, अंधार आला. धन नाकारणारा मुलगा तिला भेटलाच नाही. लेकरू शिकवणीपर्यंत पोहोचलेच नाही, तर त्या शिकवणीचा त्याला काय उपयोग? शिवाय त्यात ठेवलेल्या बाईचे आणि वासनेचे प्रसंग आहेत. ते घरात चारचौघांत बसून पाहण्यासारखे नाहीत.

प्रमाणपत्र आधी वाचा

आपण किराणा घेताना तारीख पाहतो, औषध घेताना बाटली वाचतो. चित्रपटाचे प्रमाणपत्र मात्र पाहत नाही. मीही पाहिले नाही. 'तुंबाड'ला सेन्सॉर बोर्डाचे 'ए' प्रमाणपत्र आहे. म्हणजे तो १८ वर्षांवरील प्रौढांसाठी आहे.

'यू' म्हणजे सर्वांसाठी. 'यूए' म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली. पूर्वी 'यूए'ची एकच पायरी होती. २०२४ च्या नवीन नियमांनी तिच्या तीन पायऱ्या झाल्या: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. चित्रपटगृहात दारावरचा माणूस निदान अडवू तरी शकतो. ओसरीवरच्या मोबाईलला दरवान नसतो. म्हणून २०२१ च्या नियमांनी मोबाईलवर चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांना वयोगट दाखवणे आणि १३ वर्षांवरील गटांच्या चित्रपटांसाठी पालकांना कुलपाची सोय देणे बंधनकारक केले आहे. हे कुलूप कसे लावायचे ते आपल्याला येत नसेल, तर घरातल्या कॉलेजच्या मुलाकडून शिकून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

भीती आणि भीतीत फरक

कुणी म्हणेल, मग लेकरांना भीतीची गोष्ट सांगूच नये का? तसे नाही. विहारात आपण अंगुलिमालाची गोष्ट सांगतोच की! माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर याहून भयंकर काय असणार? पण त्या गोष्टीत तथागत शांतपणे समोर उभे राहतात, शस्त्र गळून पडते आणि दरोडेखोर भिक्खू होतो. ती गोष्ट ऐकून लेकरे निवांत झोपतात. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चेटकीण पाहून मुले किंचाळतात आणि लगेच टाळ्या पिटतात. दिलीप प्रभावळकरांनी ती चेटकीण गाजवली, पुढे २०१८ पासून वैभव मांगले यांनी. लुगडे नेसलेला तो बाप्या आहे, हे मुलांना ठाऊक असते.

म्हणजे गोष्टीत भीती असायला हरकत नाही. गोष्ट लेकराला भीतीतून बाहेर आणून सोडते का, हे पाहायचे.

याच कसोटीवर दुसरा चित्रपट पाहा. विशाल भारद्वाज यांचा २००२ सालचा 'मकडी'. त्यातही जुना वाडा आहे, गुप्तधन आहे, माणसाचे जनावर करणारी चेटकीण आहे. शबाना आझमींनी ती भूमिका केली. जुळ्या बहिणींपैकी एकीची म्हणे कोंबडी होते आणि दुसरी तिला सोडवायला निघते. दोन्ही बहिणी झालेल्या श्वेता प्रसादला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवट सांगून टाकल्याबद्दल माफी असावी, पण तोच महत्त्वाचा आहे: चेटकीण ही चेटकीण नसतेच. गुप्तधनासाठी गावाला भिववणारी ती एक लबाड बाई निघते. 'तुंबाड'मध्ये भूत खरे आहे; 'मकडी'मध्ये भुताचा मुखवटा निघतो. सात-आठ वर्षांच्या लेकराला शेजारी बसवून 'मकडी' जरूर दाखवावा. 'तुंबाड' मात्र मोठ्यांनी पाहावा आणि मोठ्यांतच त्यावर बोलावे.

आपल्या जिल्ह्याची जखम

हा प्रश्न आपल्याकडे नुसता करमणुकीचा नाही. आपल्याच परभणी जिल्ह्यात, मानवतला, १९७२ ते १९७४ या काळात लहान मुलींचे आणि स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. त्या प्रकरणात गुप्तधन आणि बळी हेच शब्द पुढे आले. त्याच्या तपासावर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिकाही आली. आशुतोष गोवारीकर यांनी त्यात पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे काम केले आहे. तीही लेकरांसाठी नव्हे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे हा आज गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. ज्या मुलुखात अशा गोष्टी खरोखर घडल्या, तिथे पुरलेल्या धनाची राखण करणारे भूत ही लेकराला नुसती परीकथा वाटत नाही. पडका वाडा तर शाळेच्या वाटेवरच असतो.

पालकांनी एवढे करावे

चित्रपट लेकरांना दाखवण्याआधी स्वतः पाहावा, निदान पाहिलेल्याला विचारावे. प्रमाणपत्र वाचावे. रात्री निजताना भयपट लावू नये. चित्रपट चालू असताना शेजारी बसावे. मी जेवत बसलो तसे बसू नये. लेकराने प्रश्न विचारला तर "गप, काही नसतं" म्हणून झिडकारू नये, कारण तेच लेकरू मग दुसऱ्याला विचारते आणि तिथे काळा दोरा तयार असतो.

माझ्या लेकीला मी दोरा बांधला नाही. एक गोष्ट मात्र सांगितली. "बाई, ती साखळीतली आजी कोण होती माहीत आहे का? त्यातच विनायकाच्या मुलाचं काम केलेला पोरगा आहे, मोहम्मद समद नावाचा. त्यालाच रंगवून आजी केलं होतं."

तिने डोळे मोठे केले. "पोरगा? आजी झालता?"

"हो. तासन् तास बसवून तोंड रंगवायचं आणि मग काम करायचं."

ती खुदकन हसली. पुढच्या रविवारी दिवसाउजेडी मी तिला त्या पडक्या वाड्यात घेऊन गेलो. आत चार शेळ्या होत्या, बाभळीची दोन झुडपे होती आणि कुणीतरी वाळत घातलेल्या गोवऱ्या होत्या. परत येताना तिने हात सोडला आणि पुढे पळाली.

मीठ-मिरच्या उतरायला आलेल्या मावशींना तिनेच सांगितले, "मावशी, ती आजी पोरगा होता!" मावशी आधी गोंधळल्या, मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हातातल्या मिरच्या त्यांनी आमच्याच चुलीपाशी ठेवल्या. त्या रात्री त्यांचा ठेचा झाला.