फुप्फुसांतील गाठी आणि जुन्या शस्त्रक्रियेचा कागद

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी म्हणून छातीचा एक्स-रे काढला जातो. साठीची बाई, खोकला नाही, ताप नाही, वजनही घटलेले नाही. तरीही दोन्ही बाजूंना गोल पांढरे ठिपके दिसतात. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या अनेक गाठी’ असे वाक्य येते आणि त्याखाली इतरत्र कर्करोग आहे का हे शोधण्याची सूचना असते. मग मुलगा दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणतो, “डॉक्टर, आईला काही सांगू नका.”

ती सूचना योग्यच असते. उतारवयात अशा गाठी दिसल्या, तर दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगाची शंका प्रथम घ्यावी लागते. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. शिवाय बुरशीचा संसर्ग, सारकॉइडोसिस आणि संधिवाताच्या गाठी आहेतच. मात्र या यादीच्या तळाशी एक दुर्मीळ विकार असा आहे, की ज्याचे मूळ फुप्फुसात नसून कित्येक वर्षांपूर्वीच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत सापडते.

त्याचे नाव ‘बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा’. सौम्य, तरीही दूरवर पसरणारी स्नायुगाठ, असा काहीसा विसंगत वाटणारा त्याचा अर्थ. १९३९ मध्ये पॉल स्टायनर यांनी अशा रुग्णाचे सविस्तर वर्णन केले. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी अनेक स्त्रियांना होतात आणि बहुतेकींच्या बाबतीत त्या तिथेच राहतात. क्वचित एखादीच्या गाठीतील पेशी रक्तवाहिन्यांतून फुप्फुसांत पोहोचतात, तिथे रुजतात आणि संथपणे वाढतात, असे मानले जाते. शस्त्रक्रिया आणि गाठी आढळणे यांत दहा-पंधरा वर्षांचे किंवा त्याहूनही अधिक अंतर असू शकते. बहुतेकींना काहीच त्रास नसतो. काहींना खोकला येतो वा धाप लागते.

निदानातली खरी अडचण इथेच आहे. “पूर्वी काही मोठा आजार?” असे विचारले, की आजी “नाही” म्हणतात. त्यांच्या लेखी ‘पिशवी काढली’ हा आजार नव्हे. तो केव्हाच संपलेला विषय आहे. मुलग्यांना त्याची माहिती नसते, सुना संकोचाने विचारत नाहीत आणि ती फाईल घर बदलताना रद्दीत गेलेली असते. म्हणून मी नेमका प्रश्न विचारतो: पोटावर टाके आहेत का, कधीचे आहेत, गर्भाशय काढले तेव्हा अंडाशय ठेवले होते का? त्या वेळचा पॅथॉलॉजीचा अहवाल मिळाला, तर तो सीटीइतकाच मोलाचा ठरतो. काही रुग्णालयांत जुन्या काचपट्ट्या किंवा मेणात जतन केलेला गाठीचा तुकडाही मिळू शकतो. तेव्हा चौकशी अवश्य करावी.

सीटीवर या गाठी सहसा गुळगुळीत कडांच्या, कमी-अधिक आकाराच्या दिसतात. पण केवळ चित्रावरून त्यांना सौम्य म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पसरलेला कर्करोगही असाच दिसू शकतो. निर्णय बायोप्सीनेच होतो. सीटीच्या मार्गदर्शनाने सुई घालून किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गाठीचा नमुना घेतात. पॅथॉलॉजिस्ट त्यात शांत, जवळपास न विभागणाऱ्या स्नायुपेशी शोधतात आणि त्या पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आहेत का, तेही तपासतात. गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग नाही ना, याची खात्री इथेच होते.

‘सुई लागली की गाठ चिघळते’ हे घरोघरी ऐकू येते. या भीतीपोटी बायोप्सी टाळू नये. धोका आहे, पण वेगळा: फुप्फुसाभोवती हवा साठणे किंवा थुंकीतून थोडे रक्त पडणे. म्हणूनच त्यानंतर काही तास देखरेखीखाली ठेवतात. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, तर आधी सांगावे. ती स्वतःहून मात्र बंद करू नये.

पुरावा नसताना ‘देऊन पाहू’ म्हणून क्षयरोगाची औषधे सुरू करण्याची घाई मला पटत नाही. थुंकीची तपासणी आणि बायोप्सी यांनंतर ती हवीच असतील, तर पूर्ण मुदत घ्यावीत. पण वृद्धांच्या यकृताला ती सोसतीलच असे नाही आणि त्यात मूळ निदानाचे महिने वाया जातात.

निदान पक्के झाल्यावर उपचार व्यक्तीनुसार ठरतो. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटते, तेव्हा या गाठी बहुधा स्थिरावतात, कधी आक्रसतातही. अशा वेळी ठरावीक काळाने सीटी काढून लक्ष ठेवणे पुरते. वाढ होत असेल, तर संप्रेरकांवर परिणाम करणारी औषधे, अंडाशय काढणे किंवा मोजक्या गाठी असल्यास त्या काढणे, हे पर्याय असतात. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

राहिला मुलाचा प्रश्न. पिशवीच्या शस्त्रक्रियेची हकिकत आईलाच ठाऊक असते. तिच्यापासून अहवाल लपवला, तर ती सांगणार कोण?