परदेशी डबा घेताना

एकेकाळी बालीगंजमध्ये राहणाऱ्या गृहिणीचा बाजार गरियाहाटला संपायचा. भाजी, मासळी, वाणसामान, सारे तिथेच. चीज किंवा विलायती चॉकलेट हवे असेल, तर मात्र न्यू मार्केट गाठावे लागे. १८७४ साली सुरू झालेल्या त्या बाजारात बँडेलच्या चीजच्या छोट्या खारट चकत्या आजही मिळतात. नाव विलायती वाटले, तरी हुगळीकाठच्या पोर्तुगीजांशी नाते सांगणारे हे चीज अस्सल बंगालीच. खारटपणा उतरावा म्हणून ते आधी पाण्यात भिजवावे लागते, हे नवख्या गिऱ्हाइकाला बहुधा घरी गेल्यावरच कळते!

१ एप्रिल २००१ रोजी भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठवले आणि परदेशी डबे उजळ माथ्याने दुकानात आले. २०१३ साली सय्यद अमीर अली अ‍ॅव्हेन्यूवर क्वेस्ट मॉल उघडला. आता पास्ता, ऑलिव्ह तेल, चीज, कॉफी हे सारे बालीगंजच्या हाताशी आहे. हजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात उतरलेले पाहुणेही हौसेने फेरी मारू शकतात.

पण डबा देखणा असला, तरी तो आधी उलटा करून पाहावा. आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि रुपयांतली कमाल किंमत त्यावर हवी. बऱ्याचदा ही माहिती वेगळ्या चिकटपट्टीवर असते, त्यात काही गैर नाही. ती मुळीच नसेल, तर डबा परत ठेवावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले मूल घरात असेल आणि घटक वाचता न येणाऱ्या भाषेत छापलेले असतील, तर किंमत कितीही उतरलेली असो, मोहात पडू नये.

तारखेचीही गंमत आहे. अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहितात. त्यामुळे ०४/०७ म्हणजे ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल! 'एकावर एक मोफत'च्या टोपलीत हे विशेष तपासावे. शाकाहारी घरांनी हिरवी खूण पाहावीच. जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते आणि काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते.

कॉफीच्या फळीपाशी मात्र जरा थांबावे. भारतात पिकणाऱ्या कॉफीतला मोठा वाटा परदेशी जातो आणि इटली तिचे मोठे गिऱ्हाईक आहे. तेव्हा महागड्या इटालियन डब्यात कोडगूचे दाणे निघाले, तर नवल नाही. शिवाय दळलेल्या कॉफीचा वास झपाट्याने उडतो. समुद्रापलीकडून आलेल्या पुडीचे मग काय होणार?

त्यापेक्षा लेक मार्केटची वाट धरावी. दाक्षिणात्य कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि फिल्टर कॉफीची सवय त्यांनी सोबत आणली. तिथे समोर दळून मिळालेल्या पुडीशी ताजेपणात डबा टिकाव धरणे कठीण. बंद पाकीट घेतल्यास चिकोरीचे प्रमाण वाचावे. मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. कित्येकांना ती आवडतेही, पण चिकोरीला कॉफीचा भाव कशाला द्यायचा?

एका वेळी पाव किलोहून अधिक घेऊ नये. पूड घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी. फ्रिजमध्ये इलिशच्या शेजारी तर मुळीच ठेवू नये.