मुलांच्या डोळ्यांची जुनाट ॲलर्जी : उपचारपद्धती व शिक्षकांची भूमिका

प्रास्ताविक : कालीसिंध नदीकाठचे सोनकच्छ (जि. देवास) हे माळव्याच्या पठारावरील तहसीलचे ठिकाण. कोरडा उन्हाळा व गव्हाच्या मळणीची धूळ येथे नित्याची. अशा उष्ण व कोरड्या हवामानात मुलांमध्ये ‘व्हर्नल किरॅटोकंजंक्टिव्हायटिस’ हा नेत्रविकार अधिक आढळतो. प्रस्तुत लेखात त्याच्या उपचारांचा थोडक्यात परिचय करून दिला आहे.

स्वरूप : हा विकार मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतो, बहुधा दहा वर्षांच्या आत सुरू होतो व वयात आल्यावर बहुतेकांत ओसरतो. तीव्र खाज, उजेड सहन न होणे व तारेसारखा चिकट स्राव ही त्याची लक्षणे होत. वरच्या पापणीच्या आत खडबडीत उंचवटे येतात. हा विकार संसर्गजन्य नाही. म्हणून अशा विद्यार्थ्याला वेगळे बसविण्याचे कारण नाही.

उपचार : नेत्रतज्ज्ञ पायरीपायरीने उपचार करतात. प्रथम थंड पाण्याच्या पट्ट्या, टोपी-चष्मा आणि ओलोपॅटाडीनसारखे ॲलर्जीरोधक थेंब. त्रास वाढल्यास स्टेरॉइडचे थेंब थोडे दिवस देऊन हळूहळू कमी करतात व डोळ्यातील दाब मोजत राहतात. वारंवार उलटणाऱ्या आजारात सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम वापरतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला जळजळही होते; परंतु त्यामुळे स्टेरॉइडची गरज घटते. बुबुळावर जखम झाल्यास तातडीने उपचार करावे लागतात.

खरा धोका : स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते. मग पालक जुनी चिठ्ठी दाखवून, कधी चिठ्ठीशिवायही, तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात. याने मोतीबिंदू होऊ शकतो; काचबिंदूही होतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. डोळ्यातील दाब वाढताना बहुधा दुखत नाही, त्यामुळे मुलाला काही कळत नाही. सतत डोळे चोळल्याने बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा धोकाही वाढतो. सुजलेल्या डोळ्यात काजळ, सुरमा वा गुलाबपाणी घालू नये.

निष्कर्ष : डोळे चोळणारा, उजेडात मान खाली घालणारा विद्यार्थी आळशी आहे, असे समजू नये. शिक्षकांनी पालकांना दोनच प्रश्न विचारावेत : थेंब कोणते, आणि डोळ्यातील दाब शेवटचा केव्हा तपासला? या दोन प्रश्नांनी एखाद्या मुलाची दृष्टी वाचू शकेल.