कपाळाची शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपताच, माझी धाकटी बहीण बार्शीहून पुण्यास आमच्या घरी राहावयास आली. मेहुण्यांचे बार्शीत कापडाचे दुकान असून दुपारचा गल्ला अनेक वर्षे तीच सांभाळते. वयाच्या ५६व्या वर्षी तिच्या भुवया खाली उतरल्या होत्या आणि कपाळावर आठ्या रुतल्या होत्या. "ताई, आज रागात आहात का?" असे ओळखीची गिऱ्हाइके विचारीत. रागाचे कारण नसताना रागीट दिसणे तिला सलत होते. अखेर तिने कपाळ उचलून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरविले. सासरी मात्र तिने "डोळ्यांची शस्त्रक्रिया" एवढेच सांगितले. खरे काय ते मेहुण्यांना, मला आणि माझ्या पत्नीलाच ठाऊक होते. तिच्या संमतीनेच हा अनुभव येथे मांडीत आहे. कारण अशा शस्त्रक्रिया आता आपल्या कुटुंबांतही होतात, पण त्यांविषयी कोणी बोलत नाही.

पूर्वी या शस्त्रक्रियेत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून मोठा छेद घेत. आता पुष्कळदा केसांच्या रेषेमागे तीन ते पाच लहान छेद घेऊन दुर्बिणीच्या साहाय्याने कपाळाची त्वचा व भुवया वर घेतात. बहिणीची शस्त्रक्रिया याच पद्धतीने झाली. छेद लहान असल्याने त्रासही लहान असेल, अशी आमची समजूत होती. ती तिसऱ्या दिवशी दूर झाली.

पहिल्या रात्री डोक्यास घट्ट पट्टी होती आणि कोणी कपाळ आवळून धरल्यासारखे तिला वाटत होते. दोन-तीन उशा घेऊन, डोके उंच ठेवून, उताणे झोपावे लागले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि सूज खाली उतरू लागली. कपाळाची सूज पापण्यांवर आणि गालांवर येते, हे आम्हांस सांगितलेले होते. तरीही तिसऱ्या सकाळी डोळे जेमतेम किलकिले होत होते व भोवती निळेजांभळे डाग होते. आरशात पाहून ती रडली. "दादा, मी हे काय करून घेतलं?" हा तिचा प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे. त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे कळले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत अधिक असते आणि मग ओसरू लागते. घरच्यांनी हे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे.

नवव्या दिवशी टाके निघाले. दोन आठवड्यांत डाग पिवळट होऊन फिके पडले. या काळात खाली वाकणे, जड वस्तू उचलणे आणि जोराने शिंकरणे वर्ज्य होते. वंदनासाठी मस्तक जमिनीस टेकविता येत नव्हते; ती ताठ बसून सामायिक करी. सुरुवातीस पापण्या पूर्ण मिटत नसल्याने डोळ्यांत थेंब घालावे लागत. भुवया आवश्यकतेपेक्षा वर गेल्यासारख्या दिसत. त्या काही आठवड्यांत स्थिरावल्या.

डोक्याचा वरचा भाग मात्र बधिर झाला होता. महिन्याभराने मंदिरात केशराचा टिळा लावताना बोट कपाळास टेकले तरी तिला स्पर्श जाणवला नाही. मज्जातंतू सावरू लागले की खाज सुटते व मुंग्या येतात. हे काही महिने चालते. बधिर त्वचेला चटका बसलेला कळत नाही, म्हणून गरम शेक किंवा केस वाळविण्याचे गरम यंत्र वापरू नये. छेदाभोवतीचे केस गळाले तरी बहुधा ते पुन्हा येतात. केसांना रंग केव्हा लावावा, हे शल्यविशारदांनाच विचारावे. खरे रूप दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात.

एका बाजूची सूज अचानक वाढून तीव्र वेदना होणे, रक्तस्राव न थांबणे, ताप, पू किंवा दृष्टीत बदल यांपैकी काहीही झाल्यास वेळेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्या आचाराचे प्रश्न शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांपुढे ठेवावेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. पुष्कळ औषधे गोळीच्या रूपात मिळतात. टाक्यांचा धागा कशाचा, हेही विचारावे. बहिणीला पहिल्या काही रात्री वेदनाशामक गोळी घ्यावी लागणार होती, म्हणून तिने त्या दिवसांपुरते चौविहाराचे पच्चक्खाण घेतलेच नाही. जखम भरत असताना उपवास करू नयेत; मुगाचे वरण, दूध, पनीर असा पौष्टिक आहार घ्यावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावीत.

खर्चाचा हिशेबही आधी करावा. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तरच दाव्याचा विचार होतो. उतरलेल्या भुवयांमुळे वरचे दिसणे अडत असेल, तर नेत्रतपासणी करून विमा कंपनीस आधी लेखी विचारावे. रुग्णसेवेला वस्तू व सेवा करातून मिळणारी सूटही सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेस सामान्यतः लागू नाही. शल्यविशारदाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे ना, हे पाहावे.

एवढे सर्व सांगूनही मुख्य गोष्ट उरतेच. शरीराच्या दुखण्यापेक्षा तिला लपवाछपवीचा त्रास अधिक झाला. सासूबाई रोज फोन करीत, "डोळा कसा आहे?" विचारीत, आणि ती खोटे उत्तर देऊन फोन ठेवल्यावर गप्प बसून राही. सत्य हे आपल्या अणुव्रतांपैकी एक. "टाके निघाले, हे कधी निघायचं?" असे ती माझ्या पत्नीस म्हणाली. बाराव्या दिवशी तिने स्वतःच फोन लावला व सर्व सांगितले. पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. डोळ्याच्या ऑपरेशनला कुणी पंधरा दिवस माहेरी राहतं का? आधी सांगितलं असतंस तर मीच आले असते सोबतीला."

ही शस्त्रक्रिया करावी की न करावी, हा ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. देहाची आसक्ती कमी करण्याची शिकवण आपणा सर्वांस आहे आणि बहिणीलाही ती ठाऊक आहे. परंतु कोणी विचारपूर्वक निर्णय घेतला असेल, तर ते पंधरा दिवस त्याला घरातल्यांपासून तोंड लपवून काढावे लागू नयेत. बहीण आता पुन्हा गल्ल्यावर बसते. एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलेच, तर कपाळाची शस्त्रक्रिया करून घेतली असे सरळ सांगते आणि पुढचे कापड दाखविते.