झडप हृदयात, दुखणे पोटात

टावी (बहुधा मांडीच्या धमनीतून नळी नेऊन हृदयाची महाधमनी झडप बसवणे) हा उपचार 2002 मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी प्रथम केला. छाती उघडावी लागत नाही, म्हणून ‘पोटाशी याचा काय संबंध?’ असे वाटणे साहजिक आहे. पण नळी पोटातल्या महाधमनीतूनच वर जाते. बोअरच्या पाण्याने क्षार साचलेला पाइप हलवला की खपली सुटून पुढे एखाद्या तोटीत अडकते. तसाच चुन्याचा कण क्वचित आतड्याच्या धमनीत अडकतो आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. पोट दाबून पाहिले तर मऊ, वेदना मात्र असह्य! हा गॅस समजून सोडा पिण्यात वेळ घालवू नये.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे शौच डांबरासारखे काळे होऊ शकते. (लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते; तपासणी तरीही हवी.) उलट, झडप अरुंद असल्यामुळे आतड्यातून होणारा रक्तस्राव नवी झडप बसल्यावर अनेकदा थांबतो.

अकोले असो वा पाथर्डी, अशी लक्षणे दिसताच 108 ला फोन करा, डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.