गॅसची बंदूक, पण गॅस कुठला?

ठाण्यात कोलशेतला खाडीच्या बाजूला एका मित्राचा गाळा आहे. एक लेथ, दोन ड्रिलिंग मशीन, खडखडणारा टेबलफॅन आणि मागच्या भिंतीपर्यंत सरळ बारा-तेरा मीटर मोकळी जागा. त्याने नुकतीच गॅस पिस्टनची एअर रायफल घेतली आणि एका रविवारी शटर ओढून घेऊन आम्ही ती चालवून बघितली. भिंतीपाशी लाकडी खोका, त्यात ठासून भरलेल्या चिंध्या, मागे जाड रबरी मॅट, पुढे छापील टार्गेट. आम्ही मांडामांड करत असतानाच शेजारच्या गाळ्यातले काका चहाचा ग्लास हातात घेऊन आले होते. त्यांनी रायफल खालीवर न्याहाळली आणि विचारलं, "ह्याचा गॅस संपला की नंबर कुठे लावायचा?"

आम्ही हसलो. पण या बंदुकीबद्दलचे निम्मे गैरसमज काकांच्या त्या एका प्रश्नात बसलेले आहेत. आपल्याकडे गॅस म्हटलं की स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर डोळ्यांपुढे येतो, नाहीतर फटकन पेटणारं काहीतरी. या रायफलीत पेटणारं काहीच नाही. आणि नंबर लावायचा प्रश्न येत नाही, कारण गॅस संपतच नाही. तो बंदुकीच्या बाहेर कधी येतच नाही.

जत्रेत फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक सगळ्यांनी हाताळलेली असते. नळी मोडायची, आतली पोलादी स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टनपुढची हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि ती हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर फेकते. गॅस पिस्टनच्या रायफलीत हे सगळं जसंच्या तसं होतं. फरक एवढाच की पोलादी स्प्रिंगच्या जागी एक बंद नळकांडं असतं आणि त्यात दाबून भरलेला वायू, बहुधा नायट्रोजन. मोटारीची डिकी उघडल्यावर तिला वर तोलून धरणारे दोन काळे दांडे असतात ना, तीच जात. डिकीच्या दांड्यात आपण कधी गॅस भरून घेतला आहे का? तसंच हे. छर्ऱ्यामागे जाते ती गाळ्यातली साधी हवा. नायट्रोजन आपल्या नळकांड्यात दाबला जातो, पसरतो, पुन्हा दाबला जातो. म्हणजे ही गॅसवर चालणारी बंदूक नव्हे. हिची स्प्रिंग गॅसची आहे, इतकंच.

१९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या थिओबेन या छोट्या कंपनीने ही कल्पना बाजारात रुजवली. पुढे अमेरिकेतल्या क्रॉसमनने 'नायट्रो पिस्टन' हे नाव इतकं गाजवलं की आपल्याकडेही दुकानदार सरसकट सगळ्यांना नायट्रोच म्हणतात. ठाणे परिसरातली प्रिसिहोल ही कंपनी मुळात खोल आणि सरळ भोकं पाडणारी यंत्रं बनवते. बंदुकीची नळी म्हणजे तरी दुसरं काय? त्यामुळे तीही एअर रायफलच्या धंद्यात आली यात आश्चर्य नाही.

'गॅस' या नावामुळे आणखी एक घोटाळा होतो. छोट्या कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणारी पिस्तुलं मिळतात, त्यात गॅस खरोखरच संपतो आणि कुपी बदलावी लागते. तिसरा प्रकार पीसीपीचा. त्यात नळीखालच्या टाकीत पंपाने किंवा सिलिंडरमधून दाबाची हवा आधीच भरून ठेवतात आणि दर बाराला तिच्यातली थोडी खर्ची पडते. दुकानात 'गॅसवाली दाखवा' म्हणालात तर या तिघांपैकी कुठलीही पुढ्यात येऊ शकते.

आता चालवण्याबद्दल. गॅस पिस्टनला धक्का बसत नाही, असं मित्राला विकताना सांगितलं होतं. पहिल्याच बाराला ते खोटं ठरलं. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि तो पुढच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा तीच रायफल पुढे झटका खाते. हा दुहेरी धक्का पोलादी स्प्रिंगमध्ये असतो तसाच इथेही असतो. जातं ते वेगळंच. स्प्रिंग सुटताना स्वतःभोवती किंचित पिळवटते, नंतर बराच वेळ झणझणत राहते. ती झणझण गालाला जाणवते, कानाला ऐकू येते. गॅसमध्ये ती नाही. एक कोरडा 'ठक्' आणि संपलं. शिवाय पिस्टन लवकर पोचतो, त्यामुळे चाप ओढल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत हात हलायला कमी अवधी मिळतो. म्हणूनच ही रायफल नेमकी वाटते.

वाटते म्हणालो, कारण माझे पहिले पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरले. रायफल हातातून निसटेल की काय म्हणून मी ती गच्च आवळून धरली होती. मित्र म्हणाला, "अरे, मांजराचं पिल्लू धर तशी धर." पुढचा हात नुसता खाली उताणा ठेवला, खांद्याला हलकेच टेकवली आणि तिला हवा तसा धक्का खाऊ दिला. पुढचे पाच छर्रे दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. गच्च पकडलेली रायफल दर वेळी वेगळ्या बाजूला उडते, मोकळी सोडलेली दर वेळी एकाच तऱ्हेने उडते. हा गुण गॅसचा नाही, धरण्याचा आहे. जत्रेतल्या बंदुकीलाही तो लागू पडतो. जाता जाता, दुर्बीण लावणार असाल तर एअर रायफलसाठी म्हणूनच बनवलेली घ्या. साध्या दुर्बिणी मागचा धक्का सोसतात, पण पुढच्या झटक्याने त्यांच्या आतल्या काचा हलतात.

कॉक करायला, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग दाबायला सोपी, हेही अर्धसत्य. स्प्रिंग दाबताना सुरुवातीला हलकी लागते आणि शेवटी जड होत जाते. गॅस पहिल्या इंचापासूनच अंगावर येतो, कारण नळकांड्यातला दाब आधीपासूनच असतो. काकांनी एकदा करून बघितलं आणि "ही तर व्यायामशाळा आहे" म्हणत रायफल परत केली. वीस-पंचवीस बारांनंतर माझाही दंड भरून आला. छर्रा घालताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवायची, हे मात्र विसरायचं नाही. नळी सुटून वर आली तर बोट चेमटतं.

गॅसच्या बाजूने खरं सांगायचं तर एवढं की रायफल तासन्‌तास कॉक करून ठेवली तर पोलादी स्प्रिंग हळूहळू बसते, गॅस बसत नाही. पण त्यावरून 'मग भरून ठेवायला हरकत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातून रायफल काढून घ्या. भरलेली, कॉक केलेली रायफल कोपऱ्यात उभी करून ठेवणं हा वेडेपणा आहे, आत स्प्रिंग असो वा गॅस.

उन्हात फुटते का? नाही. बंद वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो, पण हिशोब निरपेक्ष तापमानाचा असतो. ३० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं तर दाब वाढतो साधारण ५ टक्के. ठाण्याच्या मे महिन्यात काही बिघडत नाही. लडाखमध्ये उणे २० अंशांत मात्र तोच दाब ३० अंशांच्या मानाने १६-१७ टक्क्यांनी पडेल आणि छर्रा खाली लागेल. नळकांडं घरी उघडायचं नाही, त्याला भोक पाडायचं नाही, आगीत टाकायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

आता एक हट्टी गैरसमज, जो मित्रालाही होता. नळीमागच्या भोकातून दोन थेंब तेल सोडलं की ताकद वाढते म्हणे. क्षणभर वाढतेही. पिस्टनपुढची हवा इतकी तापते की तेल डिझेल इंजिनसारखं पेटतं, नळीतून निळसर धूर येतो, आवाज मोठा होतो आणि सील जळतं. नव्या रायफलीतून पहिले काही बार धुराचा वास येतो तो कारखान्यातल्या वंगणाचा, तो आपोआप थांबतो. तसंच छर्रा न घालता चाप ओढणं. छर्ऱ्यामुळे हवा कोंडली जाते आणि त्या हवेच्या उशीवर पिस्टन थांबतो. छर्रा नसेल तर तो लोखंडावर जाऊन आपटतो.

ताकदीकडे वळू, कारण कायदा इथेच उभा आहे. खोक्यावर '१००० फूट प्रतिसेकंद' असं ठळक छापलेलं असतं आणि आपण त्यालाच भुलतो. वेग कितीही सांगता येतो, छर्रा हलका घेतला की झालं. ०.३५ ग्रॅमचा छर्रा या वेगाने सुटला तर ऊर्जा १६ ज्यूलच्या आसपास भरते. तोच वेग ०.५ ग्रॅमच्या छर्ऱ्याला असेल तर २३ ज्यूल. आणि २०१६च्या शस्त्र नियमांनी रेघ ओढली आहे २० ज्यूलवर आणि ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ कॅलिबरवर. दोन्हींच्या आत असेल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन विकतो. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना हवा. म्हणजे ५.५ मिलिमीटरची, ज्याला सगळे 'टू-टू' म्हणतात ती एअर रायफल कितीही दुबळी असली तरी परवान्याशिवाय ठेवता येत नाही. 'एअरगनला लायसन्स लागत नाही' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

आणि त्याच्या पुढचं वाक्य तर धोक्याचं. लायसन्स नाही म्हणजे कुठेही चालवा, असं धरून लोक रायफल गाडीत टाकून येऊरला निघतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, काही भाग उद्यानातच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला तुमच्या परवान्याशी देणंघेणं नाही. प्राण्याला इजा करू शकेल असं कुठलंही साधन त्याच्या लेखी शस्त्र आहे आणि असं शस्त्र घेऊन उद्यानात पूर्वपरवानगीशिवाय शिरणंच गुन्हा आहे. बार काढायचीही गरज नाही. कावळा मारला तर चालतो, ही जुनी समजूतही मोडीत निघाली. कावळा, उंदीर वगैरेंना उपद्रवी ठरवणारं पाचवं परिशिष्ट २०२२च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकलं. गल्लीतल्या भटक्या कुत्र्याला छर्रा मारला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं.

शहरात तर आणखी अडचणी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली ठाण्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा रस्त्याने शस्त्र मिरवणं महागात पडतं. कोलशेत रोडला हवाई दलाचं केंद्र आहे. त्याच्या आसपासच्या गच्चीवर कुणी रायफल खांद्याला लावून उभा राहिला तर खाली कोण येऊन उभं राहील ते सांगायला नको. पूर्वी कारखान्यांच्या लांबच लांब भिंती होत्या तिथे आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि समोरच्या बाल्कनीत कुणाचं तरी मूल उभं असतं. वर रोखून मारलेला छर्रा शंभर मीटरच्या पुढे सहज जातो आणि डोळा जायला फार थोडी ऊर्जा पुरते. काँक्रीटवर किंवा पत्र्यावर आदळलेला छर्रा उलटा येतो. म्हणून खोका चिंध्यांचा, म्हणून शटर बंद, म्हणून तिघांच्याही डोळ्यांवर चष्मे, काकांच्यासुद्धा. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे चहाआधी हात साबणाने धुतले.

आवाजाचं थोडक्यात. गॅस पिस्टन मुका नसतो. झणझण गेली तरी नळीच्या तोंडाचा आवाज राहतो आणि हलका छर्रा ध्वनीच्या वेगापुढे, म्हणजे सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास गेला तर चाबकासारखा कडाका होतो. वर नेमही बिघडतो.

शेवटचा गैरसमज आईवडिलांचा. "मुलाला ऑलिंपिकसाठी तयार करायचंय, हीच घेऊ का?" ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला, अठराव्या वर्षी. त्याच्याआधी हा मान अभिनव बिंद्रा या एकाच भारतीयाने मिळवला होता, २००६मध्ये. तेव्हापासून ठाण्यात असे प्रश्न हमखास येतात. उत्तर नाही असं आहे. त्या स्पर्धेची रायफल दाबाच्या हवेवर चालते, तिला धक्का जवळजवळ नसतो आणि तिची ताकद मित्राच्या रायफलीच्या निम्मीही नसते. कागदावरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे ताकदीचं काय काम? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते तर एअर रायफलमध्ये नव्हेच. ती ५० मीटरची, दारूच्या काडतुसाची रायफल. मुलाला खरंच शिकवायचं असेल तर आधी क्लबात न्या, तिथलीच रायफल सहा महिने वापरू द्या.

स्वतःच्या हौसेसाठी घेणार असाल तर गॅस पिस्टन चांगली आहे, मला आवडली. फक्त खोक्यावरचे फूट प्रतिसेकंद वाचू नका. बिलावर कॅलिबर ४.५ मिलिमीटर आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असं स्पष्ट लिहून घ्या, दुकानातून निघण्याआधी वाचा, आणि ते बिल रायफलीच्या पिशवीतच ठेवा.